कमावलेलं कातडं

माझ्या नवऱ्याने नोकरी सोडली तेव्हा त्याचा चामड्याशी संबंध संपला असं मला वाटलं होतं. अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चपला-बुटांची कंपनी होती, तिथे तो चामड्याची खरेदी बघायचा. दक्षिणेतल्या टॅनऱ्यांमध्ये, म्हणजे कातडी कमावायच्या कारखान्यांत, सारख्या चकरा असायच्या. कातडं हाताने चाचपायचं, दुमडायचं, नाकाशी धरायचं आणि हे चालेल, हे नाही, असं सांगायचं, हे त्याचं काम. पुढे कंपनीने मुंबईतला गाशा गुंडाळून दुसऱ्या राज्यात जायचं ठरवलं. तेव्हा हा "मी येत नाही" म्हणाला आणि घरी बसला.

घरी बसला ही बोलायची पद्धत. प्रत्यक्षात तो घरात कुठेच बसत नसे. नुसता फिरत असे. मी घरूनच काम करते, म्हणजे जाहिरातींचे आणि वेष्टनांवरचे मजकूर मराठीत करते. साबण, विमा, फरशी पुसायचं द्रव, सगळं. 'पर्यावरणपूरक' हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय की माझ्या कीबोर्डने पहिलं अक्षर बघूनच तो पुरा करायला सुरुवात केली होती. झुरळं मारायच्या फवाऱ्यावरसुद्धा मी तो लिहिला आहे.

त्या वर्षी माझ्या भाचीने वाढदिवसाला एक पर्स दिली. निवडुंगाच्या चामड्याची. सोबत एक कार्ड होतं, त्यावर लिहिलं होतं की या पर्ससाठी एकाही जनावराला त्रास झालेला नाही आणि काम संपल्यावर ही पर्स निसर्गाकडे परत जाईल. नवऱ्याने पर्स उलटीसुलटी करून पाहिली, खिडकीपाशी नेली आणि आतल्या शिवणीचा कोपरा ब्लेडने उचकटला.

"खालती कापड. वरती प्लास्टिक," तो म्हणाला.

"आणि निवडुंग?"

"आहे ना. चवीपुरता."

पावसाळा संपेस्तोवर पर्सचा पट्टा सोलवटायला लागला. माझ्या पांढऱ्या कुडत्यावर काळा कोंडा पडू लागला. निसर्गाकडे परत जायला तिने माझ्या खांद्यापासून सुरुवात केली होती.

या पर्समुळे म्हणा किंवा रिकामपणामुळे म्हणा, तो पुन्हा चामड्याबद्दल बोलायला लागला. बहुतेक चामडं क्रोम, म्हणजे क्रोमियमचे क्षार, घालून कमावतात, हे त्याने मला तेव्हा नीट समजावलं. लवकर होतं, मऊ होतं, रंग छान धरतं. पण कमावून झाल्यावर जे पाणी उरतं, ते कुठेतरी सोडावं लागतं. त्याआधी लोक झाडांच्या सालींत कमावायचे, हिरड्यात, बाभळीत. त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. कातडं कुजतं, चामडं कुजत नाही, मधल्या खटाटोपाला कमावणं म्हणतात. माणूस कमवायचा थांबला आणि कमावायला लागला, असं मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं. तिला ते फारसं हसू आलं नाही.

"मी करून बघतो," एक दिवस तो म्हणाला. "पण आपल्या बाथरूममध्ये म्हैस मावणार नाही."

हे तो खरोखर हळहळून म्हणाला. मग त्याने माशाचं कातडं शोधून काढलं.

वर्सोव्याच्या बाजारात आमची एक ठरलेली मावशी आहे. सत्तरीची असेल. माझं लग्न झाल्यापासून मी तिच्याकडेच मासे घेते, आणि तेव्हापासून ती मला मासे कळत नाहीत असं सांगत आली आहे. हल्ली नव्या टॉवरमधली माणसं तिच्याकडे बोनलेस मागतात. काटा नको, डोकं नको, कातडं नको, माशाची आठवण येईल असं काहीच नको. त्यामुळे घोळीची आणि जिताड्याची मोठाली कातडी तिच्या पाटीखाली पडून असायची. माझ्या नवऱ्याने ती मागितली तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं.

"काय गो बाय, तुजा नवरा येरा झायला काय?"

"अजून नाही," मी म्हटलं. "कातड्याचं चामडं करणार आहे तो."

तिने कातडी पिशवीत भरली. नवरा मात्र तिथून हलेना. जुन्या काळी कोळी लोक सुताची जाळी सालीच्या पाण्यात उकळायचे, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात टिकायची, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे हीच विद्या. त्याचे डोळे चमकत होते.

"मावशी, तुमच्या घरी जाळी सालीत उकळायचे ना?"

"उकलाचे. माजा बापूस उकलाचा. आमी पोरी लाकडा आनाचो."

"कुठली साल वापरायचे? किती वेळ ठेवायचे?"

"मना काय ठाव. धूर डोल्यान जायाचा, हात कालं व्हायाचं. मंग नायलॉन आला न् सुटली मी." तिने मागे पडलेल्या निळ्या जाळ्याकडे मान वळवली. "हीच बरी."

परतताना रिक्षात तो कातड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. परंपरेने असं तोंडावर पाडलेलं त्याला आवडलं नव्हतं.

हिरडा त्याने जोगेश्वरीच्या एका जडीबुटीच्या दुकानातून आणला. तिथल्या माणसाने एवढा हिरडा एकदम मागणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. "किती दिवसांपासून त्रास आहे?" असं त्याने हळू आवाजात विचारलं आणि सोबत एक चूर्ण फुकट दिलं. पुढच्या वेळी नवरा बाभळीची सालही घ्यायला गेला, तेव्हा दुकानदाराने त्याला डॉक्टरला दाखवायचा सल्ला दिला.

कातडी आमच्या फ्रीझरमध्ये, मटारांच्या शेजारी राहू लागली. खरवडायचं काम स्वयंपाकघरात नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं, म्हणून ते बाथरूममध्ये चालायचं. खवले भिंतीवर चिकटायचे, साबणात जायचे, टॉवेलला लागायचे. एकदा एका साबणाच्या कंपनीबरोबर माझी व्हिडिओ मीटिंग चालली होती आणि पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, तुम्ही गालाला काय लावता? छान ग्लो येतोय." मी गालावरून हात फिरवला. घोळीचा खवला होता. मी थँक यू म्हटलं.

पहिली खेप फुकट गेली. त्याने हिरडा उकळून काळपट पाणी केलं आणि ते पुरतं निवायच्या आत कातड्यांवर ओतलं. बघता बघता कातडी आक्रसली, वळली आणि बादलीत चिकट गोळा झाला. मी जाऊन बघितलं.

"जेली झाली," मी म्हटलं.

"माशाच्या कातड्याला गुराच्या कातड्याइतकी उष्णता सोसत नाही. विरघळतं ते."

"हे तुला आता कळलं?"

"नाही, माहीत होतं." तो बादलीकडेच बघत होता. "घाई झाली."

आयुष्यभर टॅनरीवाल्यांना उशिरावरून फैलावर घेतलेला माणूस हे म्हणाला.

दुसऱ्या वेळी त्याने धीर धरला. आधी अगदी पातळ, थंड काढा, मग रोज थोडा दाट. बाल्कनीत एक निळा ड्रम आला. वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून तो वाकून कातडी ढवळत असायचा आणि समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्यांत येऊन बघायची. पाणी टाकायचा मात्र त्याने फार घोळ घातला. आमच्या संडासाचं भांडं त्या पाण्याने कायमचं चहाच्या रंगाचं झालं. मग तो तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरायला लागला. काढा उकळायला किती गॅस जातो ते बघून मी एकदा त्याला विचारलं.

"मला एक सांग, हे जे तू करतोस, ते पर्यावरणपूरक आहे का?"

तो विचार करून म्हणाला, "कमी वाईट आहे. एवढंच."

मला माझ्या धंद्याच्या दृष्टीने वाईट वाटलं. 'कमी वाईट' असं कुठल्याच लेबलवर लिहिता येत नाही.

त्याच सुमाराला सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या दारात आले. रिटायर झाल्यावर त्यांनी सोसायटी हिरवी करायचा वसा घेतला होता. ओल्या कचऱ्याचं खत करणारं यंत्र त्यांनी गेटच्या मागे बसवलं होतं आणि त्याचं उद्घाटन नारळ फोडून केलं होतं. नारळाची करवंटी यंत्रात टाकू नये हे मग लोकांना नोटीस लावून सांगावं लागलं.

"तक्रार आहे," ते म्हणाले. "वास येतो. सगळ्या विंगला. मासे कुजल्याचा."

नवऱ्याने त्यांना बाल्कनीत नेलं आणि ड्रमचं झाकण उघडलं. सेक्रेटरींनी रुमाल नाकाला लावला, मग थोडा खाली घेतला, मग पुढे वाकले. ड्रममधून उकळून ठेवलेल्या चहाचा आणि ओल्या लाकडाचा वास येत होता.

"हा तो वास नाही," ते जरा निराश होऊन म्हणाले.

"मग कुठला?" मी विचारलं.

बाल्कनीतून खाली गेटमागचं यंत्र दिसत होतं. त्याच्यावर माश्यांचा ढग होता. आम्ही तिघांनीही ते बघितलं. सेक्रेटरी "बरं, बघतो" म्हणून निघून गेले. आठवड्याभरात तांत्रिक कारणास्तव खताचं यंत्र बंद राहील अशी नोटीस लागली. आमच्याविरुद्धच्या तक्रारीचं काय झालं ते मात्र कुणी सांगितलं नाही, आणि लिफ्टमध्ये माणसं आमच्या शेजारी श्वास रोखून उभी राहतच राहिली.

कातडी झाली तेव्हा मला खरंच नवल वाटलं. त्याने ती तेल लावून, फळीवर ताणून वाळवली होती. जिताड्याच्या कातड्यावर जिथे जिथे खवला होता तिथे बारीक कोनाडा तयार झाला होता, एकाआड एक, आणि रंग गुळासारखा. ओढली तरी फाटत नव्हती. मासळीचा वास नाही. त्याने ती माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, नवी सून पहिल्यांदा आमटी केल्यावर उभी राहते तसा.

"चांगलं झालंय," मी म्हटलं.

"घोळीचं जरा कडक राहिलंय."

"अरे, चांगलं झालंय म्हटलं ना."

कंपनीतला त्याचा एक जुना सहकारी शिवणकामात वाकबगार होता. त्याच्याकडून त्याने छोटी पाकिटं आणि चष्म्याची घरं शिवून घेतली. सेक्रेटरींच्या कानावर ते गेलं असावं. पर्यावरण दिनाला सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी ग्रीन मेळा ठेवला होता आणि त्यात तुम्हीही एक टेबल लावा असं सांगायला ते आपण होऊन आले. वासाचा विषय दोन्ही बाजूंनी निघाला नाही.

"फक्त एक," जाताना ते म्हणाले, "आपल्याकडे निम्मे मेंबर शाकाहारी आहेत. मासा असं स्पष्ट लिहू नका."

"मग काय लिहू?" नवऱ्याने विचारलं.

"सागरी काहीतरी लिहा. वहिनी लिहितील, त्यांचं कामच ते."

आणि मी लिहिलं. 'सागराच्या कुशीतून, निसर्गाच्या स्पर्शाने.' मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नवऱ्याने ते वाचलं, पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला मार्करने लिहिलं, 'जिताडा आणि घोळ या माशांची कातडी. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेली. भिजवू नये.'

मेळ्यात कापडी पिशव्या होत्या, एकेक पिशवी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. बांबूचे टूथब्रश होते. आमचं टेबल कोपऱ्यात, पंख्यापासून लांब होतं. लोक यायचे, पाकीट उचलायचे, पुठ्ठा वाचायचे आणि पाकीट खाली ठेवायचे. बी विंगच्या एक बाई "शी, मासा?" म्हणाल्या आणि बोटं पुसायला पर्समधून सॅनिटायझर काढू लागल्या. पर्स त्यांनी आमच्याच टेबलावर ठेवली होती. नवऱ्याचा हात सवयीने तिच्यावर गेला. त्याने अंगठ्याने एक कोपरा दाबला.

"छान चामडं आहे," तो मनापासून म्हणाला. "म्हशीचं. मागच्या अंगाचं."

बाईंनी पर्स ओढून घेतली. "ब्रँडेड आहे ते," त्या म्हणाल्या.

नंतर एक तरुण आला. त्याची स्वतःची स्टार्टअप होती. त्याने प्रत्येक वस्तूचे फोटो काढले आणि झकास, झकास म्हणत राहिला. त्याला हे मोठ्या प्रमाणावर हवं होतं, फक्त रंग जरा फ्रेश हवे होते. गुलाबी, आकाशी, लिंबाचा पिवळा.

"सालीत कमावलेल्याला ते रंग येत नाहीत," नवरा म्हणाला. "सालीचाच रंग राहतो. आणि लवकर होत नाही."

"मग कशाने येतात?"

"क्रोमने."

"मग क्रोम वापरा ना, काका. मासा तर इको-फ्रेंडलीच आहे."

नवरा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नव्हता. आपलंच तरुणपण समोर येऊन उभं राहावं तसा तो बघत होता. "नको," एवढंच तो म्हणाला.

दुपारी हॉल रिकामा व्हायला लागला तेव्हा तळमजल्यावरच्या आँटी आल्या. त्या मूळच्या आंबोली गावठाणातल्या, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिश्चन. गावठाणातलं घर भावांकडे राहिलं आणि त्या आमच्या इमारतीत आल्या. त्यांनी पुठ्ठा वाचला, मग एक कातडं उचलून उजेडात धरलं.

"हे तू का करतोस रे?" त्यांनी विचारलं. "टाइमपास म्हणून?"

तो नेहमीप्रमाणे हो म्हणेल असं मला वाटलं. पण तो खुर्चीवर बसला आणि सांगायला लागला.

एका टॅनरीच्या गावात तो माल बघायला गेला होता. टॅनरीतल्या मुकादमाने त्याला जेवायला घरी नेलं. घर नवीन बांधलेलं होतं आणि मुकादम त्याला खोल्या दाखवत होता. तुमच्या ऑर्डरी वाढल्या म्हणून हे घर झालं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मागच्या अंगणात विहीर होती. नवरा हात धुवायला तिच्याकडे वळला तेव्हा मुकादमाच्या आईने त्याचा हात धरला. तिची भाषा याला कळत नव्हती. मग तिने पोहरा खाली सोडून पाणी वर काढून दाखवलं. पिवळट हिरवं पाणी होतं. ती ते भांड्यांनासुद्धा वापरत नव्हती. याच्यासाठी तिने विकत आणलेल्या कॅनमधलं पाणी ओतलं, हात धुवायला.

"मग तू काय केलंस?" आँटींनी विचारलं.

"जेवलो. चांगलं केलं होतं जेवण. आणि दुपारी ऑर्डर दिली, आधीपेक्षा मोठी. माल खरंच चांगला होता."

आँटींनी कातडं परत टेबलावर ठेवलं. ती ट्रिप मला आठवत होती. तिथून त्याने माझ्यासाठी सँडल आणले होते, अगदी मऊ, आणि ते मी झिजेस्तोवर वापरले होते.

संध्याकाळी उरलेली पाकिटं, म्हणजे सगळीच, पिशवीत भरून आम्ही लिफ्टची वाट बघत उभे होतो.

"मला कधी बोलला नाहीस," मी म्हटलं.

"तू विचारायचीस, ट्रिप कशी झाली. ट्रिप चांगली झाली होती."

लिफ्ट आली. आत सेक्रेटरी होते. मेळा कसा झाला असं त्यांनी विचारलं आणि आम्ही दोघांनीही छान झाला असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आँटी वर आल्या. रुमालात गुंडाळून त्यांनी त्यांच्या आईचं प्रार्थनेचं पुस्तक आणलं होतं. दमटपणाने आणि कसरीने त्याचं वेष्टन गेलं होतं, पानं मात्र शाबूत होती. याला तुझं कातडं लाव, त्या म्हणाल्या. पर्यावरणाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मेळ्यातल्या सगळ्या माणसांत तेवढं एकच गिऱ्हाईक मिळालं आणि तिला फक्त पुस्तक टिकायला हवं होतं.

"माशाचं चालेल ना पण, प्रार्थनेच्या पुस्तकाला?" मी विचारलं.

"अगो, आमच्यात उपासाला मासाच तर चालतो," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

त्या कामाला त्याने भरपूर वेळ घेतला. पावसाळ्यापुरती मासेमारी बंद होती, चांगला मोठा जिताडा मिळेना. मावशी म्हणाली, नारळी पूनव होऊ दे, मग बघू, होड्या दर्यात जायच्या आधी मी काय घरात विणू काय तुजा जिताडा. होड्या गेल्या तशी तिने आपण होऊन एक कातडं बाजूला काढून ठेवलं, त्यालाही महिना लोटला. शेवटी पुस्तक तयार झालं. मधोमध माशाच्या पाठीची काळसर रेघ, बरोबर पुस्तकाच्या पाठीवर आलेली. ते त्याने मुद्दाम साधलं होतं, पण आपण होऊन सांगणार नव्हता. मीच त्याला विचारून काढून घेतलं.

आँटी न्यायला आल्या, सोफ्यावर बसल्या, आणि त्यांनी पुस्तक आधी नाकाशी धरलं. वास येत नाही याची खात्री झाल्यावर उघडलं.

"जरा ताठ वाटतंय रे."

"हाताळून हाताळून मऊ होईल," नवरा म्हणाला. "चार-पाच वर्षं लागतील. क्रोमचं लगेच मऊ असतं, याला हात लागावे लागतात."

"चार-पाच वर्षं? माझं वय बघ की."

"मग तुमच्या मुलीच्या हातात होईल."

"ती कॅनडात. ती मोबाइलवर वाचते."

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा आँटी चष्मा लावून, ओठ हलवत वाचत बसल्या होत्या आणि त्यांचा अंगठा वेष्टनाच्या कडेवरून सावकाश मागेपुढे फिरत होता. नवरा समोरच्या खुर्चीवर बसून त्या अंगठ्याकडे बघत होता. मी चहा टिपॉयवर ठेवला, पुस्तकापासून लांब.